दुखणे तोच सांगतो, औषधही तोच विकतो



मृग तोंडावर आला की तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर एजन्सीच्या वर्कशॉपसमोर रांग लागते. नांगरटी झालेल्या असतात, वखराची शेवटची पाळी उरलेली असते, आणि पाऊस कधीही येईल म्हणून प्रत्येकाचा जीव घाईला आलेला असतो. नेमक्या त्याच वेळी काउंटरवरचा साहेब विचारतो, "नुसते ऑइल बदलायचे, की पूर्ण सर्व्हिसिंग करायची?" सगळा डाव ह्या एका प्रश्नात आहे. 'नुसते' म्हणावे तर आपण हलगर्जी ठरतो. 'पूर्ण' म्हणावे तर पूर्ण म्हणजे किती, हे तो ठरवतो. संध्याकाळी बिल हातात पडते तेव्हा ऑइल आणि फिल्टर वरच्या दोन ओळींत असतात आणि खाली आठ-दहा ओळी आपण कधी मागितलेल्याच नसतात.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. सर्व्हिसिंगला आमचा विरोध नाही. वेळेवर ऑइल न बदलणारा माणूस शंभर रुपये वाचवायला जातो आणि इंजिन खोलायची पाळी आणतो. आमचा विरोध आहे तो गरजेच्या कामाच्या आडून गळ्यात मारल्या जाणाऱ्या बिनगरजेच्या कामाला. एजन्सी तिथे ऑइल विकत नाही, भीती विकते. "पेरणीत बंद पडला तर आम्हाला सांगू नका," हे वाक्य म्हणजे तिचा सगळ्यात महागडा सुटा भाग आहे.

ही भीती आपल्याला किती पडते, त्याचा हिशेब करा. २०२५-२६ च्या हंगामात सरकारने संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये क्विंटल जाहीर केला. बिलात साडेतीन-चार हजारांचे काम फुकटचे घुसले, तर एक क्विंटल ज्वारी गेली. तीसुद्धा हमीभावाने विकली गेली असती असे धरून! मार्केट यार्डात काय भाव पडतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. कोरडवाहू रानात ती एक क्विंटल पिकवायला काय लागते, ते काउंटरवरच्या साहेबाला माहीत नाही. आपल्याला आहे.

गरजेचे काय, गळ्यातले काय

ट्रॅक्टरबरोबर कंपनी एक पुस्तिका देते. बहुतेकांच्या घरी ती फडताळात धूळ खात पडलेली असते. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने स्वतः लिहून दिले आहे की किती तासांना काय करायचे. पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना. पुढे इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बऱ्याच मॉडेलांत २५० तासांच्या आसपास, काही नव्या मॉडेलांत त्याहून उशिरा. गिअर आणि हायड्रॉलिकचे ऑइल त्याच्या कितीतरी पुढे. ग्रीस मारणे, पाण्याची आणि ऑइलची पातळी बघणे हे तर रोजचे, आपले आपणच करायचे काम. ज्याचा ट्रॅक्टर घरच्या पंधरा-वीस एकरांतच फिरतो, त्याचे वर्षाला २५० तास भरतीलच असे नाही. म्हणून तासांचे मीटर चालू ठेवा, आणि तासांबरोबर पुस्तिकेत महिन्यांची मुदत दिली असेल तर तीही पाळा.

आता गळ्यात काय पडते ते बघा. इंजिन आतून धुण्याचे औषध. डिझेलच्या टाकीत ओतायची बाटली. ह्या दोन गोष्टी तुमच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात आहेत का, ते आधी बघा. नसतील तर हात जोडा आणि नको म्हणा. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर त्यात बदलायला कागदी फिल्टरच नसतो. जाळी धुवायची, वाटीतले ऑइल बदलायचे, काम संपले. कागदी फिल्टर असेल तर तो पुस्तिकेच्या मुदतीने किंवा चोंदल्याची खूण दिसल्यावर बदलायचा, प्रत्येक फेरीला नव्हे. नोझल आणि पंप उघडण्यासाठी कारण लागते. काळा धूर, सुरू व्हायला त्रास, डिझेल जास्त खाणे, ताकद कमी पडणे, ह्यातले काही नसेल तर चांगला पंप उघडून कॅलिब्रेशनचे बिल कशाला? क्लच घसरतो म्हटले की प्लेट बदलायला निघतात. आधी पायडलची ढील बघायला सांगा. पुष्कळदा नुसत्या ॲडजस्टमेंटने काम भागते.

'फुकट सर्व्हिसिंग' ही तर मोठी गंमत आहे. फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, ग्रीस ह्यांचे पैसे आपणच भरतो. मग मजुरीत गेलेले मालात काढायला कोणी बसला, तर त्यात नवल काय?

आधी मोजणी, मग फवारणी

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, आणि पुढची वर्षे तुमच्या बांधावर घालवली. त्या शास्त्रातली एक साधी गोष्ट इथे उपयोगी पडते. कपाशीत अळी दिसली म्हणून कोणी शहाणा लगेच पंप पाठीवर घेत नाही. आधी मोजतो. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी सापडली, म्हणजे दहा टक्के नुकसान दिसले, तर फवारणी. त्याच्या आत असेल तर औषधाचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त. ह्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात.

ट्रॅक्टरचेही तेच आहे. मोजून दाखवा, मग बदला. क्लच पायडलची ढील मोजता येते. बॅटरीचा भार तपासता येतो. पंख्याच्या पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून कळतो. जो मोजून दाखवत नाही आणि नुसता "बदलावेच लागेल" म्हणतो, तो मेकॅनिक म्हणून बोलत नाही, दुकानदार म्हणून बोलतो.

हा रोग आपल्याला नवा नाही. कृषी केंद्रात पानावरचा डाग दाखवला की जो माणूस रोगाचे नाव सांगतो तोच बाटली काढून देतो. एकाऐवजी तीन बाटल्या दिल्या तर त्याचाच फायदा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मागायला जावे, तर "सोबत हे घ्यावे लागेल" म्हणून न मागितलेले खत माथी मारतात. ह्या लिंकिंगविरुद्ध आपण भांडतो. मग वर्कशॉपच्या काउंटरवर तेच लिंकिंग झाले तर गप्प का बसायचे?

वॉरंटीचा बागुलबुवा

नको म्हटले की शेवटचा बाण सुटतो, "मग वॉरंटी जाईल." इथे भले भले गप्प होतात. म्हणून हे नीट समजून घ्या. वॉरंटी कशाने जाते ते वॉरंटीच्या कागदावर लिहिलेले असते, काउंटरवरच्या माणसाच्या तोंडावर नव्हे. ठरलेल्या तासांची सर्व्हिसिंग चुकवली तर वॉरंटी अडचणीत येऊ शकते. म्हणून वॉरंटीत असेपर्यंत ती एजन्सीतच करा आणि पुस्तिकेत शिक्का घ्या. पण टाकीत ओतायची बाटली नाकारली म्हणून वॉरंटी जाते असे म्हणणाऱ्याला एवढेच सांगा, "हे लिहून द्या आणि सही करा." पेन सापडत नाही!

आणखी एक ऐका. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय? कंपन्यांनी अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्या एजन्सीपुरती कोंडून ठेवली होती आणि बाहेरच्या गॅरेजवाल्याची वाट अडवली होती. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, काहींचा दंड कमी झाला, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या. ते प्रकरण मोटारींचे होते, ट्रॅक्टरचे नव्हते. पण बागुलबुवा तोच आहे, आणि देशाच्या आयोगाने तो ओळखला, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

हा प्रश्न पुढे आणखी अवघड होणार आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. त्या इंजिनांत डिझेलचा कारभार कॉम्प्युटर बघतो. बिघाड काय आहे ते एजन्सीच्या मशीनवरच कळणार असेल, तर गावचा मिस्त्री, ज्याने आजवर कानाने इंजिन ओळखले, तो काय करणार? अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवर ही पाळी आधीच आली. ते लढले, आणि २०२३ साली कोलोरॅडो राज्याला शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा लागला. आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल काढले आणि त्यात शेतीयंत्रेही धरली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कायदा मागावा लागेल, आणि तो ज्यांची यंत्रे आहेत त्यांनीच मागावा लागेल.

काउंटरवर जाताना

१. सर्व्हिसिंग पेरणीच्या तोंडावर करू नका. रान मोकळे असते तेव्हा, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरका. घाईतला गिऱ्हाईक अर्धा हरलेला असतो.

२. पुस्तिका आणि तासांचा आकडा सोबत न्या. पुस्तिका हरवली असेल तर एजन्सीकडून मागून घ्या, आणि मराठीतली मागा.

३. जॉब कार्डावर कोरी सही करू नका. कोणती कामे करायची ती लिहा आणि खाली स्वतःच्या हाताने लिहा: 'यापेक्षा जादा काम मला विचारल्याशिवाय करू नये.' खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या.

४. जादा काम सांगितले तर तीन प्रश्न विचारा. हे पुस्तिकेत कोणत्या पानावर आहे? मोजून दाखवता का? आज नाही केले तर काय बिघडेल आणि किती तासांत?

५. पैसे देऊन बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा. हे काम सुरू होण्याआधी सांगा, नंतर नव्हे. वॉरंटीत फुकट बदललेला भाग कंपनी ठेवून घेते, ती गोष्ट वेगळी.

६. पक्के बिल घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि अनेक सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुनाच दर लावला नाही ना, ते तपासा.

७. मोठे काम सांगितले तर त्याच दिवशी होकार देऊ नका. गावच्या मिस्त्रीला एकदा दाखवा.

तरीही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. एक वस्तू किंवा सेवा देण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे निर्बंधक व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. "शेतकरी धंद्यासाठी ट्रॅक्टर वापरतो, तो ग्राहक कसला?" असे कोणी म्हणाले तर सांगा, स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ह्या कायद्यात ग्राहकच आहे. बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकऱ्याचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क मान्य केला आहे.

भांडण कोणाशी?

एक गोष्ट विसरू नका. वर्कशॉपमध्ये ऑइलने हात काळे केलेला पोरगा आपल्याच गावचा आहे. पिकत नाही म्हणून आयटीआय करून तो तिथे गेला. महिन्याला अमुक बाटल्या खपव, अमुक रकमेची बिले कर, हे टार्गेट त्याने ठरवलेले नाही. त्याच्यावर आवाज चढवून काही मिळणार नाही. त्याला आपल्या बाजूला बसवा, तोच खरे सांगेल. भांडण आहे ते टार्गेट ठरवणाऱ्याशी.

आणि हे भांडण एकट्याने होत नाही. एकटा शेतकरी काउंटरवर गेला की तो 'कटकट्या' ठरतो. म्हणून आम्ही सुचवतो की येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने ट्रॅक्टर सर्व्हिसिंगची गेल्या दोन वर्षांची बिले आणावीत. एकाच मॉडेलची, सारख्या तासांची बिले शेजारी शेजारी ठेवू. कोणाला काय लावले, कोणाला काय सोडले, ते कागदच बोलतील. मग सह्यांचे निवेदन घेऊन दहा-वीस ट्रॅक्टरवाले मिळून एजन्सीच्या मालकाकडे जाऊ आणि तीन गोष्टी मागू. तासांप्रमाणे कामाचा आणि दराचा तक्ता मराठीत वर्कशॉपच्या भिंतीवर लावावा. लेखी होकाराशिवाय जादा काम करू नये. आणि सुटे भाग गावच्या मिस्त्रीला छापील किमतीत, विनाअट मिळावेत.

मान्य केले तर ठीक. नाही केले तर तालुक्याला दुसरी एजन्सी आहे, गावात मिस्त्री आहे, आणि जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. बिले शोधायला आजच लागा.