जनरेटर पेट्रोलवरून गॅसवर नेताय? आधी बाटला कुठला ते बघा

पावसाचा जोर वाढला की मुरबाड, शहापूर भागात लाईट जाणं नेहमीचंच. फांदी तारेवर पडते, फीडर बंद होतो आणि दूध डेअरी, मेडिकल, झेरॉक्सवाला सगळे जनरेटरची दोरी ओढतात. शहरही यातून सुटलेलं नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. त्यातलं पडघा आपल्याच भिवंडी तालुक्यातलं.

पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलं आहे. त्यामुळे "जनरेटरला गॅस किट लावू का?" हा प्रश्न आता गावातही विचारला जातो. उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही. मशीन गॅसवर चालतं, खर्चही कमी होतो. पण खरी अडचण बाटल्याची आहे.

मशीनमध्ये काय बदलतं?

एका इंधनावर सुरू करून दुसऱ्यावर चालवणं आपल्याला नवीन नाही. मंडपवाल्यांचे जुने जनरेटर पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर जायचे. गॅसचंही थोडंफार तसंच आहे. फरक इतकाच की गॅस कार्बोरेटरच्या तोंडाशी जोडतात आणि मध्ये एक खास रेग्युलेटर बसवतात. इंजिन हवा ओढेल तेव्हाच तो गॅस सोडतो. इंजिन थांबलं की गॅसही थांबला पाहिजे. शेगडीचा रेग्युलेटर हे काम करत नाही. नळी थेट कार्बोरेटरला खुपसून देणारा फिटर भेटला तर त्याला हात जोडून परत पाठवा.

पेट्रोलवरून गॅसवर जाताना आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपत आलं, इंजिन अडखळायला लागलं की मग गॅस सोडायचा. दोन्ही एकदम चालू राहिले तर इंजिन काळा धूर टाकून बंद पडतं.

गॅसवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. पेट्रोलवर जेमतेम ओढली जाणारी मोटर गॅसवर ओढली जाणार नाही. डिझेल जनरेटरला हे किट चालत नाही, कारण त्यात गॅस पेटवायला स्पार्क प्लगच नसतो.

हिशेब काय सांगतो?

एक किलो एलपीजीत साधारण 1.4 लिटर पेट्रोलइतकी उष्णता असते. समजा पेट्रोल 104 रुपये लिटर आहे आणि 19 किलोचा व्यावसायिक बाटला 1,800 रुपयांना मिळतो. म्हणजे गॅस किलोला 95 रुपये पडला. तासाला एक लिटर पेट्रोल पिणाऱ्या जनरेटरला सुमारे 700 ग्रॅम गॅस लागेल, म्हणजे 67 रुपये. तासाला 37 रुपये वाचले. बाटल्याचा दर बदलत असतो, तेव्हा आजचा दर घालून हा हिशेब पुन्हा करा.

किटला 7,400 रुपये लागले असं धरलं तर ते 200 तासांत वसूल होतात. आठवड्याला पाच तास जनरेटर चालवणाऱ्या डेअरीवाल्याचे पैसे दहा महिन्यांच्या आत सुटतील. महिन्याला दोनच तास चालवणाऱ्या घराला मात्र आठ वर्षं लागतील. त्यांनी या भानगडीत पडू नये.

घरचा बाटला नको

या हिशेबात मुद्दाम व्यावसायिक बाटला धरला आहे. घरचा 14.2 किलोचा बाटला फक्त स्वयंपाकासाठी असतो. तो जनरेटरला लावणं हा 2000 च्या एलपीजी पुरवठा आदेशाचा भंग आहे. अशा प्रकरणात जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय ज्या घरात एकच बाटला आहे, तिथे तो जनरेटरला गेला की चुलीत पुन्हा लाकडं येतात आणि धूर घरच्या बाईच्या डोळ्यांत जातो. नियमातल्या बाटल्यानेही पैसे वाचतात, मग चोरटा मार्ग कशाला?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत अनेक सोसायट्यांत महानगर गॅसची पाइपलाईन आहे. तिथे बाटला आणायची कटकट नाही. पण पाइपचा गॅस आणि बाटल्याचा गॅस वेगळे, त्यांचं किटचं सेटिंगही वेगळं. पाइपच्या गॅसवर ताकद आणखी कमी होते. शेगडीच्या लाईनला कंपनीला न विचारता स्वतः जोड मारायचा नाही. गावात पाइप नाही, म्हणून शहरातल्या नातेवाइकाने काय केलं ते बघून तसंच किट आणू नका.

जिवाशी खेळ नको

- एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साठतो. बाटला जनरेटरपासून लांब, मोकळ्या हवेत आणि उभाच ठेवा. आडवा केला तर द्रवरूप गॅस नळीत येतो.
- बाटल्यावर बर्फासारखा थर आला तर समजा की ओढ जास्त आहे. लोड कमी करा. त्यावर गरम पाणी ओतू नका, जवळ आग तर अजिबात नको.
- गॅसवर चालला तरी धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नसतो. पडवी, गोठा, बंद दुकान अशा जागी जनरेटर चालवू नका.
- जनरेटरची वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

जनरेटर हा शेवटी नाइलाज आहे. गावागावांत लोक स्वतःच्या खिशातून वीज तयार करायला लागले, तर फीडरच्या दुरुस्तीचा प्रश्न मागेच पडणार. पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या छाटल्या का, हे ग्रामसभेत विचारा. महावितरणकडे तक्रार केली की तिचा नंबर लिहून ठेवा. किट घ्यायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण लाईट वेळेवर यावी ही मागणी सोडायची नाही.