कोड आला म्हणून सेन्सर बदलू नका
डिझेल गाडीचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरने एक्झॉस्ट सेन्सरचा कोड दाखवला, की लगेच नवा सेन्सर मागवायचा, ही घाई मेहकरच्या गाडीमालकांनी करू नये असं मला मनापासून वाटतं. त्या सर्किटचा आकडा गाडीच्या संगणकाला पटत नाही, एवढंच कोड सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की प्लगमधल्या गंजलेल्या पिनेचा, हे माणसानेच शोधायचं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता नुसती चावी फिरवा आणि स्कॅनरवर आकडे वाचा. एक्झॉस्टच्या तापमानाचे सगळे सेन्सर साधारण हवेइतकंच तापमान दाखवायला हवेत. डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या, दाब-सेन्सरचा आकडा शून्याजवळ हवा. त्याच्या रबरी नळ्या आवर्जून पाहा: त्या उष्णतेने तडकतात, काजळीने तुंबतात आणि चांगल्या सेन्सरवर आळ येतो. कधी तर सेन्सर खरं बोलत असतो: गाळणीच काजळीने तुंबलेली असते. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि ही गाळणी नव्या डिझेल गाड्यांत सर्रास आली. पण गावातल्या गावात फिरताना काजळी जाळण्याइतकी, सुमारे 600 अंशांची उष्णता तयारच होत नाही. मेहकरहून समृद्धी महामार्ग जवळ आहे, तिथे एका वेगात गाडी चालवली की गाळणी बहुधा मोकळी होते. मात्र सेन्सरचा कोड कायम असेल तर अनेक गाड्यांचा संगणक काजळी जाळण्याची ही सफाई सुरूच करत नाही. म्हणून आधी तपासणी, मग महामार्ग.