जंगल मोजायचं तर पायी फिरून मोजा



डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल साधारण दर दोन वर्षांनी निघतो. देशातलं जंगल वाढलं की घटलं, ते पेपरात छापून येतं. हा आकडा काढतात उपग्रहाच्या फोटोवरून. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर शंभरात दहा भाग झाडोऱ्याने झाकलेले दिसले, की ते 'वनाच्छादन'. झाड कुठलं, जमीन कोणाची, ते बघत नाहीत. म्हणजे आंब्याची बागही त्यात आली आणि निलगिरीची लागवडही. मोहाचं जुनं रान तोडून साग लावला, तरी साग वाढल्यावर आकडा जिथल्या तिथे!

जगाचा हिशोब राष्ट्रसंघाची अन्न व शेती संघटना दर पाच वर्षांनी मांडते. ती फळबागा सोडते, पण लाकडासाठी केलेली लागवड जंगलातच धरते. आणि तिला माहिती देतं कोण? त्या त्या देशाचं सरकारच.

जंगल टिकेल अशा रीतीने सांभाळलं जातंय का, हे बघायच्या सात बाबी राष्ट्रसंघात मान्य झाल्या आहेत. क्षेत्र ही त्यातली फक्त एक. जीवजाती, माती-पाणी, लोकांची उपजीविका, कायदा याही त्यात आहेत. मग आपल्या पाड्यावर येऊन कोणी विचारलं का, की यंदा मोह किती वेचला? झऱ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकलं? कंद खणायला बाया किती लांब जातात? विचारलंच नाही, तर कागदावर येणार कुठून? आणि आकडा घटला की बोट मात्र आपल्या प्लॉटकडे.

आमचं म्हणणं सरळ आहे. आपलं जंगल आपणच मोजायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक जंगल राखायचा हक्क दिला आहे, आणि कलम ५ ने ग्रामसभेला त्याचा अधिकारही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर हा हक्क मिळवला. त्याच्या आधी कित्येक वर्षं ते गाव आपलं जंगल राखत होतं, अभ्यासत होतं.

प्रत्येक ग्रामसभेने एक वही घालावी. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही वेळा शिव फिरावी. म्हाताऱ्या बायांना सोबत घ्यावं, त्यांना झाडं ठाऊक आहेत. जे दिसेल ते लिहावं. आपल्या हातून तुटलं असेल तर तेही लिहावं, लपवू नये. खोटी वही आपल्याच अंगावर येईल. खरी वही असेल तर साहेबाच्या आकड्यासमोर आपला आकडा ठेवता येईल.