बर्फ काही धुतला तांदूळ नाही

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या मराठी मंडळींत एक गृहस्थ दर नोव्हेंबरला तेच प्रवचन झोडतात. हवा बिघडली की सिमल्याला जा, पडत्या बर्फातली हवा छाती भरून घ्या, कारण आकाशातून येते ते शुद्धच; आणि दिल्लीवर कृत्रिम पाऊस पाडला की प्रश्न मिटला. बाकी सारा म्हणे पर्यावरणवाल्यांचा कांगावा.

या शुद्धतेचेच आधी पाहू. ढगातला निव्वळ पाण्याचा थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही. त्याआधी गोठायला त्याला मातीचा, परागाचा, कधी चक्क जिवाणूचा कण लागतो. म्हणजे हिमस्फटिकाचा जन्मच बहुधा धुळीवर होतो. पुढे हे नक्षीदार महाशय रेंगाळत खाली येतात आणि वाटेतली काजळी, धूळ, प्लास्टिकचे तंतू अंगावर घेतात. २०१९ च्या मोहिमेत एव्हरेस्टवर ८,४४० मीटर उंचीवरून आणलेल्या बर्फात सूक्ष्म प्लास्टिक निघाले. ते गिर्यारोहकांच्या कपड्यांचे, असे गृहस्थ म्हणतील. असेल. मग अंटार्क्टिकातल्या रॉस बेटाच्या परिसरात, संशोधन-तळांपासून दूरच्या जागीही, ताज्या बर्फात ते कसे सापडले? १९ ठिकाणच्या त्या नमुन्यांची सरासरी होती वितळलेल्या बर्फाच्या लिटरमागे २९ कण. तिथे कोणाचे स्वेटर झटकले होते?

कृत्रिम पाऊस म्हणजे ढगात सिल्व्हर आयोडाइडसारखे कणच फवारणे. २८ ऑक्टोबर २०२५ ला कानपूर आयआयटीने दिल्लीवर तो प्रयोग केला. ढगांत पुरेशी ओलच नव्हती, म्हणावा असा पाऊस पडला नाही.

खरा पाऊस हवा धुतो, हे मान्य. १० नोव्हेंबर २०२३ ला पावसाने दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४३७ वरून २७९ वर आणला. दोन दिवसांनी दिवाळीला तो २१८ होता, आणि फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी ३५८. धुतलेले पुन्हा मळवले, तेही चोवीस तासांत.

तेव्हा उपाय आकाशात नाही, चुलीत, भट्टीत, गाड्यांच्या धुरात आणि बांधकामाच्या उघड्या वाळूत आहे. कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. २.५ मायक्रॉनहून बारीक कणांची आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. द्वारका सेक्टर ८ मधल्या हवा-मापन केंद्राचा आकडा रोज बघा, आणि शेजारच्या प्लॉटवर कचरा पेटलेला दिसला तर तक्रार नोंदवा. सिमल्याचे तिकीट त्यानंतर काढा.