सूत्र बरोबर होतं, अवतरणचिन्ह वाकडं होतं

आंब्याच्या हिशेबाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच तक्रार येतेय. ‘दादा, तुम्ही दिलेलं सूत्र जसंच्या तसं टाकलं, तरी एरर. मला हे जमणार नाही बहुतेक.’

जमणार. चूक तुमची नव्हती, माझी होती.

पूर्णगडच्या क्लासमध्ये आपण गूगल शीटमध्ये हापूसच्या किती पेट्या, पायरीच्या किती, ही बेरीज केली. ते सूत्र मी माझ्या आयफोनच्या नोट्समध्ये टाइप केलं होतं. तिथून कॉपी केलं आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवलं. नोट्समध्ये टाइप करताना फोनच्या कीबोर्डने माझी सरळ अवतरणचिन्हं गुपचूप वाकडी केली. खाली नीट बघा:

"हापूस"
“हापूस”

वरचं शीटला कळतं. खालचं आपल्याला छान दिसतं, पण शीट म्हणते ‘फॉर्म्युला पार्स एरर’. टाइपरायटरवर जागा कमी, म्हणून उघडायला आणि बंद करायला एकच सरळ खूण होती. १९६३ च्या ॲस्की या संगणकी अक्षरसंचात तीच आली, क्रमांक ३४. सूत्रं आणि कोड तिलाच ओळखतात. वाकड्या जोडीचे युनिकोड क्रमांक ८२२० आणि ८२२१, म्हणजे संगणकाच्या लेखी ती वेगळीच अक्षरं. शंका आली तर शीटच्या एका खान्यात नुसतं चिन्ह ठेवा आणि शेजारी युनिकोड फंक्शन लावा, आकडाच सांगेल.

एरर आली तर बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. खाडीपलीकडे गावखडीला एका ताईंचं होमस्टे आहे. त्यांनी वेबसाइटवर व्हॉट्सॲपचं बटण लावलं, कोड वर्डच्या फाइलमध्ये जपून ठेवलेला. बटण झकास दिसत होतं. पण लिंकभोवतीची चिन्हं वाकडी, त्यामुळे ब्राउझरने ती लिंकचाच भाग धरली आणि दाबणाऱ्याला ‘पान सापडत नाही’. आठ दिवस एक मेसेज नाही. ताईंना वाटलं, यंदा सीझनच थंड आहे. गिऱ्हाईक दारात येऊन परत जात होतं आणि मालकिणीला पत्ता नाही!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सूत्र आणि कोड नोट्समध्ये किंवा वर्डमध्ये ठेवायचेच नाहीत. नोटपॅडची साधी टेक्स्ट फाइल पुरते. शिकवणाऱ्यांनी तर फाइलच द्यावी, टाइप केलेला मेसेज नाही. काही ट्रेनर म्हणतात, विद्यार्थ्याने स्वतः शोधावं, त्यातून शिकतो. मला पटत नाही. क्लासमधले एक काका या एररला कंटाळून परत वहीवर गेले. ते काय शिकले?

वाकडी चिन्हं वाईट नाहीत हां. लग्नपत्रिकेत, कोकमाच्या बाटलीच्या लेबलवर तीच शोभतात. फक्त कोडमध्ये नकोत.

बंद करायची तर आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, तिथे ‘स्मार्ट पंक्चुएशन’. गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, ‘यूज स्मार्ट कोट्स’ची खूण काढा. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’. मात्र आधी लिहिलेलं यानं आपोआप सुधारत नाही. ते नोटपॅडमध्ये पेस्ट करा, कंट्रोल एच दाबा, उघडणारं वाकडं चिन्ह बदलून सरळ करा, मग बंद होणारं. हे काम वर्डमध्ये करू नका, सेटिंग चालू राहिलं असेल तर तो परत वाकडं करून ठेवतो.

पेट्यांच्या सूत्राची टेक्स्ट फाइल आता व्हिडिओच्या खाली लावली आहे. आधीचा मेसेज डिलीट करा. आणि काकांच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल, तर त्यांना रविवारी दुकानावर पाठवा, शीट मी बसून चालू करून देतो.