दोन जिवांनी किती उंच चढावे?



द्राक्षाचा हंगाम आटोपला, हातात चार पैसे खेळू लागले, की आपल्या निफाड तालुक्यात यात्रांचे बेत सुरू होतात. चैत्रात सप्तशृंगीचा गड आणि वैशाखात उत्तरेकडची चारधाम. यंदा आमच्या थोरल्या लेकीच्या सासरी दोन्ही बेत ठरले. लेकीला पाचवा महिना. तिचा फोन आला, "अण्णा, मी रोज मळ्यात राबते, मला केदारनाथला काय होणार आहे?" तिच्या पाठोपाठ विहीणबाई बोलल्या, "दादा, मी तर तिला गडावरसुद्धा पाठवणार नाही. उंचावरची हवा पोटातल्या जिवाला बाधते."

मी पिकांचा माणूस, डॉक्टर नव्हे. म्हणून आरोग्य केंद्रातील डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सविस्तर विचारले. तेव्हा कळले, की दोघींचेही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहे. घरोघरी हा प्रश्न येतो, म्हणून या वेळी पिकाची गोष्ट बाजूस ठेवून हेच लिहितो.

आधी उंचीचा हिशेब पाहू. आपले निफाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. सप्तशृंगीचे शिखर चौदाशेच्या आसपास. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर 1646 मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे आपल्या राज्यात कुठल्याही डोंगरावर गेले, तरी निरोगी गरोदर बाईला केवळ उंचीमुळे भय नाही.

केदारनाथ मात्र 3583 मीटरवर आहे. चारही धामे तीन हजारांच्या वर आहेत. केदारनाथला हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. हिमालयात माल नेणारे ट्रकवाले सांगतात, की उंच घाटात इंजिन ओढत नाही. माणसाचेही तेच. बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेच्या वाटे. त्यातच गौरीकुंडापासून सोळा-सतरा किलोमीटरची चढण. चढणीवर आईचे पायच जास्त रक्त मागतात. शिवाय डोंगरात अडचण आली, तर मोठा दवाखाना फार दूर. अमरनाथची गुहा 3888 मीटरवर आहे. तिथे सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गेलेल्या बाईची नोंदणीच करत नाहीत. तो नियम उगाच केलेला नाही.

मग गडावर खुशाल जावे काय? इथे माझी स्वतःची चूक सांगतो.

1998 सालची चैत्री यात्रा. सौ.ला सातवा महिना होता. आमच्या मातोश्रींचा नवस, म्हणून नांदुरीपासून पायी चढायचे ठरले. निघायला उशीर झाला, ऊन डोक्यावर आले. गावोगाव फिरून मी शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या सांगत होतो, पण बायकोसाठी पाण्याची एक बाटली सोबत घेतली नव्हती. वरच्या पायऱ्यांवर तिला घेरी आली आणि ती खाली बसली. रात्री पोटात कळा सुरू झाल्या. सारे म्हणाले, "गडाची हवा लागली." डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "हवा नाही, तहान लागली. आणि बाईंच्या अंगात रक्त साडेआठच आहे." सलाइन लावले, कळा थांबल्या. तीन आठवड्यांनी लेक जन्मली, दिवस भरण्याआधीच. वजन पावणेदोन किलो. तो त्या दिवसाचाच परिणाम, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण माझ्या मनातून ते अजून गेलेले नाही. फोनवर बोलत होती ती हीच लेक.

मणी फुगत असताना आपण बागेला पाण्याचा ताण देतो काय? मग दोन जिवांच्या बाईला का द्यावा?

याचा अर्थ तिने खाटेवर बसून राहावे असा नाही. प्रकृती ठीक असेल, तर रोज अर्धा तास चालणे तिला हिताचेच. चालता चालता ओवी म्हणता आली पाहिजे. दम लागून ओवी तुटली, की वेग जास्त झाला असे समजावे. मळ्यातले हलके काम सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावे. द्राक्षाचे क्रेट उचलणे, शिडीवर चढणे आणि फवारणी झालेल्या ओळींत शिरणे मात्र पूर्ण टाळावे.

प्रवासाच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या गोष्टी अशा :

प्रवास करायचाच तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात बरा. निघण्यापूर्वी रक्त आणि रक्तदाब तपासावा. रक्त अकराच्या खाली असेल, तर आधी ते वाढवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

रक्तदाब जास्त, जुळे, अंगावरून रक्त जाणे किंवा आधीचे बाळंतपण दिवसांआधी झालेले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात्रा नको.

गाडीत दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, नाहीतर पायांत रक्त गोठण्याचा धोका असतो. गाडीचा पट्टा पोटाखालून बांधावा. पाणी आणि माता-बाल कार्ड हाताशी ठेवावे.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल मंदावणे, बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर दर्शनाची वाट पाहू नये. लगेच खाली उतरून दवाखाना गाठावा. आपल्याकडे 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आमच्या घरचे काय झाले, ते सांगून थांबतो. लेकीचे रक्त तपासले, साडेअकरा निघाले. गर्दी ओसरल्यावर एका सकाळी विहीणबाईच तिला गडावर घेऊन गेल्या. 2018 सालापासून तिथे ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न आला नाही. पाण्याच्या दोन बाटल्या मी स्वतः भरून दिल्या. चारधामला मंडळी गेली, लेक आमच्याकडे राहिली. पहिले दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "चला अण्णा, बांधापर्यंत चालून येऊ."

केदारनाथ कुठे जात नाही. पुढे कधी तरी ती लेकराला घेऊन जाईल.