काळ्या रानातली तालीम

कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकीच्या डोंगरांतून सुमारे ४,४०० किलोमीटर सायकल हाणायची. मागे मदतीची गाडी नाही, शेवटी बक्षीसही नाही. ही ‘टूर डिव्हाइड’. असल्या शर्यतीची तयारी नांदेड-लातुरात कुठली होणार, असं म्हणणाऱ्यांनी मृगाच्या पावसानंतरचं आमचं रान पाहिलेलं नसावं. शर्यत सुटते तीही जूनमध्येच, आणि पाऊस झाला की न्यू मेक्सिकोतल्या चिकणमातीत भलेभले सायकल खांद्यावर घेऊन चालतात. ती सवय अहमदपूर-कंधारकडच्या पाणंदीत फुकट लागते. चाकाचे चार फेरे झाले की काळी माती टायर आणि फोर्कच्या बेचक्यात गच्च बसते, चाक जागीच थांबतं, मग बसा काडीने उकरत. (मडगार्ड घरीच काढून ठेवावं.) उन्हाळ्यात बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट असेल तर काटा उपसून भोक खाली येईल असं चाक फिरवावं. पांढरा थेंब फुगतो आणि सुकतो. चढाला बालाघाट आहे, पण खरं सांगायचं तर तो अपुरा पडतो. सामान लादून माहूरगड पुन्हा पुन्हा चढावा, तेव्हा कुठे पोटऱ्या बोलायला लागतात. दम मोजायला ब्रेव्हे आहे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी: ६०० किलोमीटर, ४० तास. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली, पण तिथे सोबत पथक असतं. इथे सोबतीला सीटमागच्या पिशवीतले धपाटे. फडक्यात बांधले तर दुसऱ्या दिवशीही चालतात. चटणी मात्र शेंगदाण्याची, कोरडी.